ब्रेडचा चुरा करपतोही आणि मऊही राहतो: आधी वाळवा, मग परता

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. घरात उरलेल्या ब्रेडचा तुम्ही मिक्सरवर चुरा केला आणि कढईत तेलावर परतला. अर्धा करपला, अर्धा ओलसरच राहिला. त्यातला बरा निघालेला वरण-भातावर भुरभुरला, तर चार घासांत त्याचा लगदा झाला. उरलेला डब्यात भरला, तो सकाळपर्यंत मऊ. ओव्हन नाही, गॅस, कढई आणि तवा एवढंच आहे. शेवटी तुम्ही विचारलंत, तेल कमी पडलं असेल का?

तेल कमी पडलेलं नाही. दोन वाट्या चुऱ्याला अर्धी वाटी तेल हे जास्तच झालं. तुमच्या तिन्ही तक्रारींमागे पाणी आहे. आधी ब्रेडमधलं, मग वरणातलं, आणि शेवटी हवेतलं. कुरकुरीतपणा म्हणजे कणात पाणी नसणं, बाकी त्यात काही जादू नाही. पण ही तिन्ही पाणी वेगवेगळ्या वेळी येतात आणि प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मी लातूरला मुलांची मेस चालवते. क्लासेससाठी गाव सोडून इथे राहिलेल्या पोरांची जेवणाबद्दल एकच कुरकुर असते, की सगळं मऊ असतं. वरण मऊ, भात मऊ, दुधी तर विचारूच नका. पापड-कुरडया रोज तळायच्या म्हटलं तर तेलाचा हिशेब बसत नाही. सकाळच्या नाश्त्याचा ब्रेड मात्र थोडाफार उरतोच, आणि सँडविचच्या कापलेल्या कडा वेगळ्या. त्यातून हा चुरा आमच्या स्वयंपाकघरात कायमचा झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शिकले, त्यामुळे ‘असं का होतं’ हे विचारायची खोडही आहे.

तर पहिलं पाणी. साध्या पांढऱ्या ब्रेडच्या वजनात एक तृतीयांशाहून थोडं जास्त पाणीच असतं. १०० ग्रॅम ब्रेड पूर्ण वाळवला की हातात ६५ ग्रॅमच्या आसपास उरतो. असा ताजा चुरा गरम कढईत पडला की आधी हे पाणी उकळून बाहेर पडू लागतं. ते संपत नाही तोवर कणाचं तापमान १०० अंशांच्या फारसं पुढे सरकत नाही, आणि ब्रेडला खरपूस रंग नि वास यायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणजे ओला कण कढईत नुसता वाफवतो, भाजला जात नाही. त्यात मिक्सरमधून निघालेला ताजा चुरा कधी एकसारखा नसतो. काही कण पिठासारखे असतात, काही हरभऱ्याएवढे गोळे. बारीक कण मिनिटभरात कोरडे होतात, लगेच लाल होतात, मग काळे. गोळे तेव्हा अजून वाफ सोडत असतात. मंद आच ठेवली तरी हा फरक पुरता मिटत नाही. तेल वाढवलं तर ओले गोळे ते पिऊन घेतात, पाणी उडून जातं आणि तेल आतच राहतं.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. वाळवणं आणि परतणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती वेगळीच करा. रेसिपीच्या व्हिडिओंत दोन्ही कामं एका कढईत चार मिनिटांत झालेली दिसतात, कारण त्यांचा ब्रेड आधीच वाळलेला असतो आणि ते सांगायचं राहून जातं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मेसमध्ये कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला मला ती नव्याने सांगावी लागते. शिळा ब्रेड म्हणजे वाळलेला ब्रेड नव्हे. ब्रेड शिळा होतो तेव्हा त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, म्हणून तो हाताला कडक लागतो. पाणी बरंचसं आतच असतं. फ्रीजमध्ये हे काम बाहेरच्यापेक्षा लवकर होतं. म्हणून पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलेला ब्रेड दोन दिवसांनी दगडासारखा लागला, तरी चुऱ्याच्या कामाचा झालेला नसतो. स्लाइस मधोमध मोडून बघा. कट्‌कन तुटली आणि आतला भाग बोटांनी चुरता आला तर वाळली. वाकली किंवा मधे चिवट लागली तर अजून वेळ आहे. आणि ब्रेडवर बुरशीचा एक जरी ठिपका दिसला तर ती स्लाइस वासराला सुद्धा घालू नका. मऊ पदार्थात बुरशीचे तंतू ठिपक्याच्या बरेच पलीकडे गेलेले असतात. तेवढा तुकडा काढून बाकीचं वापरणं हा ब्रेडच्या बाबतीत शहाणपणा नाही. शेजारच्या स्लाइसही टाकाच.

वाळवायला आपल्याकडे ओव्हनची खरंच गरज नाही. एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ च्या वर जातो, त्या दिवसांत गच्चीवर कुरडयांच्या शेजारी ताटात स्लाइस मांडल्या, वर पातळ मलमलचं कापड टाकलं, की दुपारपर्यंत काम होतं. पण खरं काम उन्हापेक्षा कोरडी हवा करते. धूळ, पाखरं आणि संध्याकाळचं वारं-वावधन यांच्या नादी लागायचं नसेल तर घरातच जाळीवर मांडून पंख्याखाली ठेवा, उन्हाळ्यात रात्रभरात वाळतात. हिवाळ्यात एक रात्र आणि अर्धा दिवस धरा. ताटात मांडलं तर मधे एकदा उलटायचं, कारण खालची बाजू ताटाला चिकटून दमट राहते. जाळी असेल तर तेही नको.

पावसाळ्यात मात्र पंख्याचा काही उपयोग नाही, हवेतच पाणी असतं. तेव्हा आम्ही भाकरी झाल्यावर तव्याची उरलेली धग वापरतो. गॅस बंद करायचा, तव्यावर स्लाइस टाकायच्या, तवा निवेपर्यंत दोनदा उलटायच्या. संध्याकाळच्या भाकऱ्यांनंतर पुन्हा तसंच. झाकण ठेवायचं नाही, नाहीतर निघालेली वाफ परत ब्रेडमध्येच जाते. घाई असेल तर गॅस अगदी बारीक ठेवून तव्यावर जाळी आणि जाळीवर स्लाइस, १५ ते २० मिनिटं. ज्यांच्याकडे ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आहे त्यांनी १२० अंशांवर २० ते २५ मिनिटं ठेवावं. या टप्प्यावर रंग बदलू द्यायचा नाही. ब्रेड पांढराच राहिला पाहिजे, फक्त कोरडा झाला पाहिजे.

आता चुरा. जेवणावर भुरभुरायला बारीक चुरा लागत नाही. बाजारात पाकिटात मिळतो तो कटलेटला बाहेरून लावायचा, पिठासारखा बारीक चुरा. तो भातावर टाकला की ओल लागताच त्याची पेस्ट होते. वरून घालायला जाड्या रव्यापासून ज्वारीच्या दाण्यापर्यंतचे कण हवेत, म्हणजे दाताखाली येतात. वाळलेली स्लाइस हातानेच चुरली तर सगळ्यात छान होते. जास्त असेल तर स्वच्छ पिशवीत घालून वरून लाटणं फिरवा, लाईट गेलेली असली तरी काम अडत नाही. मिक्सर वापरायचाच असेल तर एकेक झटका द्यायचा, थांबायचं, भांडं हलवायचं, पुन्हा एक झटका. सलग फिरवला की पीठ. मग पिठाच्या चाळणीने चाळून घ्या. चाळणीवर राहील तो आपला चुरा, खाली पडेल ते पीठ बाजूला ठेवा. करपण्याची निम्मी भानगड या चाळण्यानेच संपते, कारण आधी जळतं ते हेच पीठ.

परतायचं कसं? दोन वाट्या कोरड्या चुऱ्याला दीड ते दोन मोठे चमचे तेल, चमचा १५ मिलीचा. आणि ते तेल कढईत ओतू नका. चुरा परातीत घ्या, तेल त्यावर घाला आणि दोन्ही हातांनी चोळा, रव्याला मोहन चोळतो तसं. सगळ्या कणांना सारखं तेल लागतं आणि निम्म्या तेलात भागतं. कढईत तेल आधी घातलं तर पहिला मूठभर चुरा ते सगळं पिऊन बसतो आणि बाकीचा कोरडा भाजत राहतो. मग माणूस अजून तेल घालतो. तुमचं अर्धी वाटी तेल असंच गेलं असणार.

मग जाड बुडाची कढई मध्यमपेक्षा किंचित बारीक आचेवर तापवा, चुरा घाला. थर बोटाच्या एका पेरापेक्षा जाड नको; जास्त असेल तर दोन खेपांत करा. उलथन्याने तळापासून सतत हलवत राहा. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल. रंग नाही, वास नाही. इथेच लोक कंटाळून आच वाढवतात. वाढवू नका. मग आधी बिस्किटासारखा वास येतो, पाठोपाठ आवाज बदलतो. सुरुवातीला उलथन्याखाली चुरा दबल्यासारखा सरकत असतो, तो आता खळखळायला लागतो. एकदा रंग चढायला लागला की फार भराभर चढतो. भिजवलेल्या गव्हाच्या रंगाचा झाला की गॅस बंद करून लगेच परातीत ओता आणि पसरा. कढईतच ठेवला तर बंद गॅसवरही दोन मिनिटांत एक छटा पुढे जातो. तुम्हाला शेवटी जो रंग हवा आहे त्याच्या एक पायरी अलीकडे काढायचा, उरलेली पायरी तो स्वतः चढतो. एकूण पाच ते सात मिनिटं लागतात. मीठ गरम असतानाच बारीक करून भुरभुरा, निवल्यावर घातलं तर खाली बसतं. फार लाल करण्याचा मोह टाळा. कडवट लागतं हे एक, आणि स्टार्चचे पदार्थ जास्त करपवले की त्यात ॲक्रिलामाइड नावाचा नको असलेला घटक वाढतो हे दुसरं. २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी हे पुढे आणल्यापासून ब्रेड सोनेरीवर थांबवा, तपकिरीपर्यंत नेऊ नका, असंच सांगितलं जातं.

या मिनिटांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तुमची कढई कोणती, ब्रेड कोणता, यावर ती हलतात. लोखंडी कढई उशिरा तापते पण एकदा तापली की आच बंद केल्यावरही भाजत राहते, तिच्यातून चुरा लवकर काढावा लागतो. पातळ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मधोमध डाग पडतो, तिथे हात जास्त चालवा. दुधाचा किंवा गोडसर ब्रेड आणि बेकरीचा गोड पाव यांत साखर असते, ते साध्या ब्रेडपेक्षा फार लवकर लाल होतात; आच आणखी कमी ठेवा. ब्राउन ब्रेडमध्ये पुष्कळदा रंगासाठी कॅरमल घातलेलं असतं, पाकिटावर वाचा. तिथे रंगावर भरवसा ठेवून चालत नाही, नाकावर आणि आवाजावरच चालायचं. चहाबरोबरचा टोस्ट किंवा खारी मात्र यासाठी नको. टोस्ट गोड असतो, वेलची-बडीशेपेच्या वासाचा. खारी तुपा-डालड्याने आधीच भरलेली. संभाजीनगरला नान-खलियाचा नान घरी उरला तर तो मात्र जरूर वाळवा. त्याचा चुरा ब्रेडपेक्षा घट्ट आणि दाणेदार पडतो, मला तर तो जास्त आवडतो.

तेलाचंही तेच. शेंगदाण्याचं तेल सगळ्यात निर्धास्त. करडईचं घाण्याचं तेल आपल्या भागातलं आणि चवीला उत्तम, पण ते लवकर खवट होतं, म्हणून त्यात केलेला चुरा आठवड्यात संपवा. तुपातला चुरा खिचडीवर अप्रतिम लागतो, मात्र थंडीत तूप गोठलं की कण मेणचट लागतात. तो करून लगेच खायचा. बटर वापरायचं असेल तर लक्षात ठेवा की त्यात सहाव्या हिश्श्याच्या आसपास पाणी असतं. आधी ते कढईत वितळवून त्याचा चुरचुर आवाज थांबू द्या, मगच चुरा घाला, आणि बटर खारं असेल तर वरून मीठ नको.

आता चवीकडे येऊ, कारण नुसता मीठ घातलेला चुरा मुलं दोन दिवस कौतुकाने खातात आणि तिसऱ्या दिवशी बाजूला सारतात. ज्यांच्या घरी भुरका होतो त्यांना हे वेगळं शिकवायला नको. तेलात जिरं, भरपूर लसूण, तीळ, शेंगदाण्याचं जाडं कूट, गॅस बंद करून तिखट-मीठ, आणि भाकरीबरोबर खायचं. मी चुऱ्याला सरळ भुरक्याच्या वाटेनेच नेते. फक्त कोणती वस्तू कधी पडते याला फार महत्त्व आहे, कारण प्रत्येकीची जळायची वेळ वेगळी.

लसूण पातळ काप करून एक चमचाभर तेलात मंद आचेवर तळा आणि फिकट सोनेरी झाल्याबरोबर झाऱ्याने काढून घ्या, बाहेर आल्यावर तो आणखी लाल होतो. तेच तेल गाळून चुऱ्याला चोळा, लसणाचा वास सगळीकडे जातो. तळलेला लसूण शेवटी, चुरा निवल्यावर कुस्करून मिसळा. कच्चा लसूण ठेचून चुऱ्यात घालून परतायला जाऊ नका, वाळवून काढलेलं पाणी तुम्ही पुन्हा आत घालताय. कोथिंबिरीचंही तसंच, हवी तर ताटात वाढताना घाला. कढीपत्ता चालतो, पण आधी तेलात कुरकुरीत करून. तीळ चुरा रंगावर यायच्या मिनिटभर आधी. सुकं खोबरं वेगळं भाजा, ते ब्रेडच्या आधी करपतं. तिखट, हळद, काळा मसाला हे सगळं गॅस बंद झाल्यावर, परातीत ओतलेल्या गरम चुऱ्यावर. कढईत घातलंत तर ठसका आणि कडूपणा दोन्ही येईल. दोन वाट्यांना अर्धा छोटा चमचा तिखट पुरे होतं, मेसमध्ये आम्ही थोडं जास्त घालतो.

जवस किंवा कारळ्याची कोरडी चटणी घरात तयार असेल तर सगळ्यात सोपं. साधा परतलेला चुरा तीन भाग, चटणी एक भाग, निवल्यावर मिसळा. शेंगदाण्याचं कूट मात्र जपून घाला. त्याला तेल सुटतं आणि दोन दिवसांत चुरा जड, दबका होतो. कूट घातलेला चुरा साठवायचा नाही, त्या दिवशीचा त्या दिवशी संपवायचा. येसर घालून बघा असं कुणीतरी सुचवेल. मी नाही घालत. येसर हे भाजलेल्या धान्या-डाळींचं पीठ आहे, आमटीत उकळल्यावर ते खुलतं, कोरडं वरून घातलं तर टाळूला चिकटतं.

दुसरं पाणी ताटातलं. चुरा कितीही उत्तम झाला तरी पातळ वरणात पडला की पाच मिनिटांत मऊ होणारच. तेल चोळल्याने कण थोडा उशिरा भिजतो, पण भिजतोच. त्यामुळे तो स्वयंपाकघरात घालूच नका. वाटीत वेगळा ठेवा, ज्याने त्याने घासाघासाला घ्यावा. मेसमध्ये मी ताट वाढताना घालत नाही, टेबलावर बरणी आणि चमचा ठेवते. डब्यातून नेणाऱ्याला छोट्या डबीत वेगळा द्या.

आणि पदार्थ निवडून घ्या. पातळ आमटी, रस्सा, ताकाची कढी यांच्यावर तो वाया जातो. घट्ट वरण-भात, मुगाची खिचडी, दहीभात, घट्ट पिठलं, वांग्याचं भरीत, दुधी-दोडक्याची भाजी, पालकाची गरगट्टी भाजी, वरणफळं, यांच्यावर तो शोभतो. मुरमुऱ्यांच्या सुशीलावर तर हमखास, कारण भिजवलेले मुरमुरे कितीही चवदार असले तरी मऊच असतात. ज्या पदार्थाला स्वतःचा कडकपणा आहे, म्हणजे परतलेली भेंडी, कुरकुरीत कारली, शेवभाजी, तिथे चुऱ्याचं काही काम नाही. फुलकोबीच्या साध्या भाजीवर मात्र एकदा घालून बघा. फ्रेंच स्वयंपाकात उकडलेल्या फुलकोबीवर लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा आणि उकडलेलं अंडं बारीक करून घालायची जुनी रीत आहे, तिला पोलोनेज म्हणतात. सिसिलीत सार्डिन मासळीच्या पास्त्यावर चीजऐवजी भाजलेला ब्रेडचा चुराच घालतात. चीज महाग, शिळी पोळी-ब्रेड घरात पडलेला. गरिबाघरची अक्कल सगळीकडे सारखीच चालते. आपल्याकडे दोन मोठे चमचे चुरा आणि वर लिंबू पिळलं की फुलकोबी खाणारे वाढतात, एवढं मी मेसच्या ताटांवरून सांगू शकते. लिंबू भाजीवर पिळा, चुऱ्यावर नाही.

तिसरं पाणी हवेतलं, म्हणजे तुमच्या डब्याची तक्रार. चुरा सकाळपर्यंत मऊ झाला याची दोन कारणं संभवतात. एक तर तो आतून पूर्ण वाळलेला नव्हता आणि आतली ओल रात्रीत सगळ्या कणात पसरली. किंवा कोमट असताना झाकण लावलं आणि वाफ आतच थिजली. बहुतेक दोन्ही झालं असेल. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, हाताला अजिबात कोमट लागता कामा नये, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत भरा. ओला चमचा घालायचा नाही, हे सांगायला नकोच. उन्हाळ्यात साधा मीठ-तेलाचा चुरा दोन आठवडे छान राहतो, तळलेला लसूण घातलेला चार-पाच दिवस. पावसाळ्यात झाकण उघडलं की हवा आत जाते, तेव्हा छोट्या छोट्या बरण्यांत भरा आणि एकावेळी एकच उघडा. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही. ठेवलाच तर बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका होईपर्यंत उघडू नका. गार कणांवर लगेच दव धरतं.

मऊ पडलेला चुरा टाकायचा नाही. कोरड्या तव्यावर, तेल न घालता, बारीक आचेवर दोन मिनिटं हलवा, पसरून गार करा, तो पुन्हा खडखडीत होतो. गरम असताना मऊच लागेल, घाबरू नका, निवल्यावर कळतं. तुमच्याकडचा शिल्लक चुरा आधी चाळा, काळे कण निवडून टाका आणि उरलेल्यावर हे करून बघा. त्यात तेल जास्त आहे, म्हणून परतल्यावर थोडा वेळ कागदावर पसरा. वास मात्र घेऊन बघा. खवट आला तर तव्यावर ठेवून तो जात नाही, तो चुरा फेकूनच द्यावा लागतो.

खेड्यात रोज ब्रेड कुठे मिळतो, असंही तुम्ही ओघात लिहिलंय. नाही मिळाला तरी अडत नाही. उरलेल्या पोळ्या मंद तव्यावर कापडाने दाबत दाबत खडखडीत कडक करा आणि हाताने चुरा. पोळी पातळ असल्याने वाळवायला वेगळा दिवस लागत नाही, आणि पोळीला आधीच तेल असेल तर वरून अर्धा चमचा पुरतो. कण पापुद्र्यासारखे पडतात, दहीभातावर मस्त लागतात. ज्वारीच्या भाकरीचं गणित वेगळं आहे. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, नाही, त्यामुळे ब्रेडसारखी हवा धरलेली जाळी तिच्यात नसते आणि वाळल्यावर तिचे कण हलके होत नाहीत, टणक होतात. म्हाताऱ्या माणसांच्या दातांना ते सोसत नाहीत. म्हणून भाकरी वाळवून खलबत्त्यात ब्रेडच्या चुऱ्यापेक्षा बारीक, रव्याएवढीच कुटायची, तेल दोन वाट्यांना दोन चमचे पूर्ण घ्यायचं आणि आच आणखी मंद. हा चुरा भिजायला ब्रेडपेक्षा जास्त वेळ घेतो, म्हणून जिथे ब्रेड हरतो तिथे, पातळ पिठल्यावर, तो टिकतो. लसूण-तिखटाबरोबर त्याची चव ब्रेडपेक्षा आपल्या जेवणाला जास्त जवळची, असं माझं मत. पोरांचं मत ब्रेडच्या बाजूने आहे.

चाळणीखाली जमलेलं ब्रेडचं पीठ राहिलं. ते कोरडं असेल तर बरणीत साठवत जा. वाटीभर झालं की कटलेटला लावा, किंवा भरल्या वांग्यांच्या मसाल्यात कूट कमी पडलं तर दोन चमचे मिसळा. रस्सा पातळ झाला असेल तर एक चमचा पीठ थंड पाण्यात कालवून उकळत्या रश्शात सोडा, दोन मिनिटांत तो अंगासरशी येतो.